बिल्ला वेगळा, खुंटी एकच

मी नेमकं काय काम करते हे माझ्या मावशीला समजावण्यात एकदा अख्खी दुपार गेली होती. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे मोबाइल रिपेअरिंगच ना गं?" मी हो म्हटलं आणि चहा प्यायले. आता या अंकाच्या संपादककाकांनी फोन करून सांगितलं, "कामाबद्दल लिही, पण मला समजेल असं लिही," तेव्हा पहिली मावशीच आठवली. या पानांवर दरवर्षी रिटायर्ड मास्तर, पोस्टमन, बँकवाले लिहितात. माझे केस अजून सगळे काळे आहेत. पण ज्या कामाची ही हकिगत आहे ते काम मी आता करत नाही, म्हणजे त्याच्यापुरती मीही रिटायर्डच. बसले टाइप करायला. हात फास्ट चालतो माझा, कुठे घसरले तर सांभाळून घ्या.

आमचं ऑफिस म्हणजे बुऱ्हाणपुरात एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर थान उलगडल्याचा आवाज, वर आम्ही. मालक नितीनदादा. ते गिऱ्हाइकाला कधीच नाही म्हणायचे नाहीत, नंतर माझ्याकडे बघून म्हणायचे, "होईल ना गं?" तो काळ सगळा जोडणीचा होता. मतलब, ज्याला त्याला आपली वेबसाइट दुसऱ्या कुणाच्या तरी सिस्टीमला जोडून हवी होती. केळीच्या व्यापाऱ्याला बाजारभावांशी, शाळेला निकालांशी, ट्रॅव्हल्सवाल्याला सीटांशी. समोरची सिस्टीम आपल्यासाठी एक खिडकी उघडी ठेवते, ठरल्या रीतीने विचारलं की ठरल्या रीतीने उत्तर मिळतं. त्या खिडकीला एपीआय म्हणतात. नाव भारी आहे, काम खिडकीचंच.

आणि पान कुठे बनतं तेही सांगते, कारण सगळं त्यावर आहे. वेबसाइटचं पान दोन ठिकाणी बनू शकतं. एक तर तुमच्या मोबाइलमध्ये, म्हणजे आम्ही सामान पाठवायचं आणि मोबाइलने रांधायचं. नाहीतर आमच्या सर्व्हरवर, म्हणजे तिथेच रांधून वाढलेलं ताट पाठवायचं. आमच्याकडे ताटच चालायचं. गिऱ्हाइकांचे मोबाइल जुने, आणि चांदनी गावाच्या पुढे नेटवर्क कधी आहे कधी नाही. तिथे सामान पाठवलं तर अर्धं रस्त्यातच राहायचं.

आता कुकी. मोठ्या देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो, तो डोळ्यासमोर आणा. चपला दिल्या की बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर तुमचं नाव नाही, फोटो नाही, नुसता नंबर. पण तो दाखवला की तुमच्याच चपला समोर येतात. कुकी म्हणजे हा बिल्ला. तुम्ही एकदा ओटीपी टाकून आत आलात की सिस्टीम तुमच्या मोबाइलच्या हातात एक बिल्ला देते, आणि पुढे प्रत्येक पानाला मोबाइल तो गुपचूप दाखवत राहतो. म्हणून परत परत कोणी विचारत नाही की भाऊ, तुम्ही कोण.

पण पान जर आमच्याकडे बनणार असेल, तर खिडकीशी तुम्ही जात नाही, आमचा सर्व्हर जातो. म्हणजे तुम्ही भाच्याला सांगितलं, जा रे, माझ्या चपला घेऊन ये. भाच्याने तुमचा बिल्ला न्यायला पाहिजे. विसरला तर स्टँडवाला विचारणार, तू कोण? आधीच्या मामाचा बिल्ला खिशात राहिला असेल तर तो भलत्याच्याच चपला घेऊन येणार, तेही ऐटीत. आणि स्टँडवाल्याने बिल्ला बदलून दिला तर नवा बिल्ला तुमच्या हातात आणून द्यायचा, स्वतःच्या खिशात ठेवून मोकळं नाही व्हायचं. बस्स. माझी ती सगळी वर्षं म्हणजे या भाच्याला वळण लावणं.

भाचा वळणावर नसला की काय होतं, त्याची एक मजेशीर केस झाली होती. केळीचे एक व्यापारी होते, आम्ही त्यांना शेठच म्हणायचो. त्यांच्या केळीचा भाव दाखवणाऱ्या पानावर वरती 'नमस्कार' आणि जो आत आला त्याचं नाव यायचं. पान फास्ट उघडावं म्हणून वेबसाइट ठेवायला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यांनी एकदा बनलेलं ताट तसंच झाकून ठेवायची सोय चालू केली. सकाळी पहिलं पान शेठनीच उघडलं. मग दिवसभर तापीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या मोबाइलवर 'नमस्कार' आणि शेठचं नाव. संध्याकाळी दापोऱ्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. मला वाटलं आता शिव्या. तो म्हणाला, "मॅडम, आज तुमच्या वेबसाइटनं मले शेठ केलं. उद्या बी असंच ठेवजा!" शेठ मात्र चिडले होते. भाव बरोबर होते, त्याचं त्यांना काही नव्हतं. "मेरे नाम से सबको नमस्ते हो रहा है," एवढंच ते म्हणत राहिले.

आम्ही हसलो, सोय बंद केली, संपलं. नाव चुकलं तरी केळीचा भाव सगळ्यांना सारखाच असतो ना. पुढच्या जोडणीत तसं नव्हतं.

ती जोडणी खैरनार सरांच्या लॅबची. रक्त-लघवी तपासायची लॅब, छोटीच. साधं सगळं सर इथेच करायचे आणि जी तपासणी मोठ्या मशीनवर होते तिचे नमुने इंदूरच्या एका मोठ्या लॅबला पाठवायचे. रिपोर्ट तिकडून यायला वेळ लागायचा, मग लोक खेड्यातून बस पकडून विचारायला यायचे, झाला का, नाही झाला का. सरांना ते बघवत नव्हतं. म्हणून आम्ही पान बनवलं. पेशंटने मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, आपलं नाव निवडायचं, आमचा सर्व्हर इंदूरच्या खिडकीशी जाऊन रिपोर्ट आणणार आणि तयार पान दाखवणार. वरती पेशंटचं नाव आमच्या यादीतून, खाली तपासणी इंदूरहून. मला ते पान फार आवडायचं. साधं, मोठ्या अक्षरातलं, जुन्यात जुन्या मोबाइलवर पण पटकन उघडायचं. मी ते कोणालाही काढून दाखवायचे. भाजीवालीला पण दाखवलंय.

एके दिवशी सरांचा फोन. सर कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "बेटा, जरा लॅबमध्ये ये. एका पेशंटला तुझं पान सकाळी एक सांगतंय आणि दुपारी दुसरं."

गेले तर बाकावर डोईफोडियाचे एक काका बसलेले, शेतकरी, डोक्याला रुमाल बांधलेला. शेजारी त्यांची मुलगी कोमल, बुऱ्हाणपूरलाच कॉलेजला येणारी. दोघांच्या मध्ये बाकावर दोन मोबाइल ठेवलेले. काकांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्याच का त्या पानवाल्या?"

"हो भाऊ," सर म्हणाले.

"मंग सांगा ना ताई, ही लॅब आहे का लॉटरी?"

प्रकरण काय होतं ते नीट सांगते. कोमलचं लग्न दापोऱ्याच्या राहुलशी ठरत आलं होतं. दोघं एकाच कॉलेजचे, त्यांचं त्यांनीच जमवलेलं, मग घरच्यांनीही हो म्हटलं. साखरपुड्याचा दिवस पण धरला होता. अडचण एकच. राहुलच्या चुलतभावाला सिकलसेल होता. रक्तातला आजार, जन्मापासूनचा. दुखणं उठलं की तो पोरगा आठवडाच्या आठवडा अंथरुणावर असायचा, कोमलने ते त्यांच्या घरी जाऊन बघितलं होतं. राहुलला स्वतःला आजार नव्हता, पण कॉलेजच्या तपासणीत तो वाहक निघाला होता. वाहक म्हणजे माणूस ठणठणीत, फक्त ते बीज त्याच्या रक्तात. नवरा-बायकोत एकच वाहक असला तर मुलांना आजार होत नाही. दोघं वाहक असले तर होऊ शकतो, दर बाळंतपणाला चारात एक अशी शक्यता. म्हणून दोन्ही घरांनी शहाणपणा केला, आणि तो आमच्याकडे अजून सगळे करत नाहीत. आधी कोमलचं रक्त तपासू, मग साखरपुडा.

सरांचा माणूस बाजाराच्या दिवशी डोईफोडियाला नमुने घ्यायला जायचाच. त्याने कोमलचं रक्त घेतलं. शेजारी राहणारा तिचा चुलतभाऊ गणेश म्हणाला, माझं बी घ्या, मग त्याचं पण घेतलं.

आणि मग रिपोर्ट आला. सकाळी काकांनी उघडलं, वरती कोमलचं नाव, खाली 'सामान्य'. घरात आनंद. काकांनी त्याचा फोटो काढून दापोऱ्याला पाठवला, तिकडेही आनंद, राहुलच्या आईने फोनवरच व्याह्यांना काय काय जेवायला करायचं ते विचारून घेतलं. दुपारी कोमलला वाटलं आपणही एकदा बघावं. उघडलं. वरती तिचंच नाव. खाली 'वाहक'.

"मी तीनदा बंद करून उघडलं, ताई," कोमल म्हणाली. "प्रत्येक वेळेस वाहकच."

"पयल्या वेळेस जे आलं तेच खरं," काका म्हणाले. "मंग यायले काय व्हायरस बसला काय माहीत."

"बाबा, असं नसतं."

"तुले काय माहीत कसं असतं? त्यायले माहीत नाही अजून!"

सरांनी इंदूरला फोन लावला आणि कोमलच्या नमुन्याचा नंबर सांगून विचारलं. तिकडून उत्तर आलं, वाहक. सरांनी ते काकांना सांगितलं.

"दोन वेळेस दोन बोलले तुम्ही," काका म्हणाले. "तिसऱ्या वेळेचं मी कायले ऐकू?"

आणि खरं सांगू, त्यांचं चूक नव्हतं. सर म्हणाले, "मी पुन्हा नव्याने रक्त घेतो. माझ्यासमोर, माझ्या हाताने. त्याच्यावर विश्वास ठेवाल?"

काकांनी मुलीकडे बघितलं. ती आधीच बाही वर करत होती.

दोन्ही घरांच्या हातात आता दोन उत्तरं होती आणि साखरपुडा मधोमध लटकला होता. दापोऱ्यात राहुलची आई म्हणायची, नंतरचंच खरं असणार, वाईटच नेहमी खरं असतं. डोईफोडियात म्हणायचे, आधीचंच. आपल्याला जे पाहिजे ते पान प्रत्येकाने धरून ठेवलं होतं, आणि ती दोन्ही पानं मी बनवलेली.

मी ऑफिसला येऊन कामाला बसले. पहिला संशय अर्थात भाच्यावर. म्हणजे आपला सर्व्हर एकाचा बिल्ला दुसऱ्यासाठी वापरतोय का? ही या कामातली सगळ्यात बदनाम चूक आहे. सर्व्हर एकच असतो, त्याच्याकडे एकाच वेळी शंभर जण येतात, आणि बिल्ला ठेवायची जागा जर सगळ्यांची एक केलीत तर गोंधळ झालाच म्हणून समजा. मी आमचा सगळा प्रवास तपासला. कोमलच्या मोबाइलचा बिल्ला येतोय, तोच तिकडे जातोय, तिकडून नवा आला तर तिलाच परत मिळतोय. झाकून ठेवलेलं ताट कुठेच नाही, शेठच्या केसनंतर ते मी पहिलं बघते. भाचा साफ होता. नितीनदादा मागे उभे राहून म्हणाले, "मग झालं ना, आपलं बरोबर आहे." मी म्हटलं, "दादा, आपलं बरोबर असून पान चूक आहे, हे जास्त वाईट आहे."

मग मला काकांचं एक वाक्य आठवलं. त्यांना मी विचारलं होतं, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर आला? ते म्हणाले होते, "भिकादादाच्या. सगळ्यायचा त्याच्याच वर येतो."

भिकादादा म्हणजे त्यांच्या गल्लीतले किराणा दुकानवाले. त्यांचं घर जरा उंचावर, तिथे नेटवर्क पक्कं. त्यामुळे गॅस असो, रेशन असो, काही असो, अख्खी गल्ली भिकादादांचाच नंबर देते, आणि ओटीपी आला की भिकादादा ओट्यावरून ओरडून आकडे सांगतात. गणेशने तसाच दिला होता. कोमलकडे तर स्वतःचा मोबाइल होता, शहरात येते-जाते, तिचा नंबर चालू होता. पण नमुना घ्यायला माणूस आला तेव्हा काकांनी तिला बोलूच दिलं नाही. घरातल्या पोरीचा नंबर परक्या माणसाला कसा द्यायचा? नाही देत आमच्याकडे. माझ्या घरी पण अजून कुरिअरवाल्याला माझ्या भावाचा नंबर देतात, आणि मी कॉम्प्युटरवाली आहे.

म्हणजे एका नंबरावर दोन पेशंट. मी उठले, नितीनदादांचा मोबाइल मागितला, माझा घेतला, आणि सरांना विचारून आमच्या दोघांच्या नावाने तपासणीपुरते दोन खोटे पेशंट एकाच नंबरावर उघडले. एका मोबाइलवर माझं पान उघडलं. दुसऱ्यावर दादांचं. परत पहिल्यावर येऊन माझं पान ताजं केलं.

वरती माझं नाव होतं. खाली नितीनदादांचं रक्त.

मी खुर्चीतून अक्षरशः उडाले. इतका आनंद! सापडली ना चूक! दादांचा हात धरून हलवला. मग जरा वेळाने लक्षात आलं की आनंद कशाचा करतेय मी, आणि खाली बसले.

झालं असं होतं. इंदूरची सिस्टीम दोन मोबाइलला दोन वेगळे बिल्ले देत होती, त्यात खोट नव्हती. पण आतमध्ये चपला टांगायची खुंटी मात्र तिने मोबाइल नंबराप्रमाणे ठेवली होती. दोन बिल्ले, खुंटी एकच. त्या नंबरावर शेवटी जो रिपोर्ट उघडला तोच खुंटीवर. त्या सकाळी काकांनी कोमलचा रिपोर्ट उघडायला घेतला आणि पान यायच्या आतच गणेशने आपल्या मोबाइलवर आपला उघडला, सामान्य. मग काकांचं पान आलं. नाव आमच्या यादीतून कोमलचं आलं, खालचं उत्तर खुंटीवरून गणेशचं. दुपारी कोमलने उघडलं तेव्हा मध्ये कोणी आलं नाही, म्हणून खुंटीवर तिचंच होतं.

मी इंदूरला फोन केला. त्यांचा जोडणी सांभाळणारा मुलगा माझ्याच वयाचा असावा, एकदम थंड आवाज.

"मॅडम, डॉक्युमेंट में साफ लिखा है। एक मोबाइल, एक पेशंट।"

"सर, हमारे यहाँ एक मोबाइल, एक गल्ली है।"

तो हसला. मग म्हणाला, "गल्ली? मतलब पूरी?"

"पूरी. दोनों तरफ की."

चांगला मुलगा होता, त्याने मला एक रस्ता सांगितला. प्रत्येक मागणीबरोबर नमुन्याचा नंबर पण पाठवा, म्हणजे खुंटी बघितलीच जाणार नाही. ते मी केलं. आणि आमच्या बाजूने अजून एक केलं: इंदूरहून आलेल्या उत्तरातलं नाव आणि आमच्या यादीतलं नाव जुळलं नाही तर पान बनवायचंच नाही. कोरं ठेवायचं आणि लिहायचं, लॅबमध्ये या. यात काही विशेष हुशारी नाही. चपला हातात देण्याआधी एकदा पायाकडे बघायचं, एवढंच. ते आधी कोणाच्या डोक्यात आलं नाही, इंदूरच्याही नाही आणि इथल्याही नाही.

सरांनी त्या नंबरावरचे बाकीचे सगळे रिपोर्टही इंदूरशी ताडून बघितले. नशीब, दुसरं कोणी चुकीचं पान घेऊन बसलं नव्हतं.

नव्या नमुन्याच्या वेळेस गंमत झाली होती ती राहिलीच. सरांनी रक्त घेतलं आणि विचारलं, "मोबाइल नंबर?" काकांनी सवयीने तोंड उघडलं, भिकादादांचा पाठ होता त्यांना. पण कोमल आधी बोलली आणि स्वतःचा सांगितला.

"कायले?" काका म्हणाले.

"रक्त माझं आहे ना, बाबा."

काकांनी रुमाल सोडला, झटकला आणि परत बांधला.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी लॅबमध्येच होते. नवं पान पहिल्यांदा चालणार होतं म्हणून मी आले असं सरांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. कोमल कॉलेजमधून एकटीच आली. सरांकडे उत्तर होतं, पण तिने हात केला, "सांगू नका, मी उघडते." सर म्हणाले, "बस आधी." ती बाकावर बसली, नंबर टाकला, तिच्याच हातात ओटीपी वाजला, आणि पान आलं. मी काउंटरच्या आत, मला तिचा चेहराच दिसत होता, पडदा नाही. नाव जुळलं, नमुना जुळला, पान कोरं राहिलं नाही, सगळं जसं चालायला पाहिजे तसं चाललं.

तिने बराच वेळ वाचलं. तेवढं वाचायला त्याच्यात काही नव्हतं. मग मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"ताई, हे पान माझ्या आधी कोणी उघडलं का?"

"नाही. तूच पहिली."

"बाबांच्या मोबाइलवर दिसेल?"

"तू दाखवलंस तरच."

सरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. लग्न करूच नये असं काही नाही. गरोदरपणात लवकर तपासणी करता येते, डॉक्टर असतात, दोघांनी मिळून ठरवायचं, घाई नको. ती हो हो म्हणत ऐकत होती. मग तिने विचारलं, "राहुलला तुम्ही सांगाल?"

"तू म्हणशील तसं."

तिने स्वतःच फोन लावला, आमच्यासमोरच, बाहेरसुद्धा गेली नाही.

"हॅलो. हां, उघडलं. वाहक." मग तिकडून तो काहीतरी बोलला असणार. "नाही रे. या खेपेस माझंच आहे. ताई इथेच आहे, विचार पाहिजे तर." परत तिकडून. "रडत नाहीये. तू घरी काही सांगू नको आताच. आधी मी माझ्या घरी सांगते, मग तू."

बस सुटायची म्हणून ती निघाली. मी सर्व्हरच्या नोंदी बघत बसले, एकही चूक नव्हती. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. नितीनदादांना फोन करून सांगितलं, "चाललं." ते म्हणाले, "शाब्बास." मग विचारलं, "आणि त्या पोरीचं?" मी सांगितलं.

साखरपुडा झाला नाही. भांडणं वगैरे काही नाही, दोन्ही घरची माणसं एकदा बसली आणि उठली. राहुल तरीही करायला तयार होता असं मला कळलं, आणि नको असं कोमलनेच म्हटलं. का ते मी विचारलं नाही. त्या चुलतभावाचं दुखणं तिने बघितलेलं होतं, मी नाही.

पुढे सगळ्याच लॅबवाल्यांनी आपापली ॲपं आणली, इंदूरवाल्यांनीही आणलं, आणि आमचं पान बंद झालं. मी ते काम सोडलं ते त्यामुळे नाही, दुसरीकडे चांगलं मिळालं म्हणून. पण पान बंद व्हायच्या आधी एकदा काका आणि कोमल लॅबमध्ये आले होते, रिपोर्टचा सही-शिक्क्याचा कागद न्यायला. पुढे कुठे जमवायचं झालं तर आधीच दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं. मी पण तेव्हा कुठल्याशा कामाला तिथे होते. सर आत होते. काका काउंटरशी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, ते पयलंच पान राहू दिलं असतं तर?"

जोडणी, खुंटी, बिल्ला, सगळं मला पाठ होतं, आणि त्यातलं एकही त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

कागदाची घडी घालता घालता कोमल म्हणाली, "बाबा, ते गणेशचं होतं."

"हाव," काका म्हणाले. "गणेशचंच होतं." मग जरा थांबून, "पण तुह्या नावानं किती चांगलं दिसत होतं."